टायर आतून खाल्लाय

शनिवार दुपार, बाहेर भुरभुर पाऊस, चहा झालेला, आणि ऑफिसचा लॅपटॉप मुद्दाम बॅगेतून काढलेला नाही. म्हणजे ब्लॉग लिहायला याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही. आजचा विषय काहींना रुक्ष वाटेल. टायर. हो, गाडीचा टायर. ज्यांना पळायचंय त्यांनी आत्ताच पळा. :-)

तर झालं असं, की जुलै २०२४ मध्ये आई-बाबांना घेऊन कोल्हापूरला निघालो होतो. अंबाबाईचं दर्शन हे आईचं कारण, तांबडा-पांढरा हे माझं. (बाबा दोन्ही पक्षांत.) कराडच्या अलीकडे पुढचं डावं चाक जड वाटायला लागलं म्हणून गाडी बाजूला घेतली. खिळा. नशिबाने दोनशे पावलांवर पंक्चरचं दुकान होतं, हळूहळू तिथपर्यंत नेली. खिळा आतल्या कडेजवळ होता म्हणून पंक्चरवाल्या मामांनी चाक खोललं, आडवं टाकलं आणि मला हाक मारली.

"सायेब, हिकडं या जरा. टायर आतनं पार खाल्लाय की."

मी वाकून बघितलं आणि पोटात गोळा आला. बाहेरच्या बाजूने टायरची नक्षी व्यवस्थित. मध्ये ठीकठाक. आणि आतल्या कडेला बोटभर रुंदीचा पट्टा असा गुळगुळीत, की दोन ठिकाणी तारा चमकत होत्या.

"अहो मामा, पण बाहेरून तर चांगला दिसतोय!"

"बाहेरनं बघून काय उपयोग? हात घालायचा आत. आन् कडेचं पंक्चर टिकत न्हाई. स्टेपनी लावतो, ह्यो टायर आता चालवू नका."

मामांनी स्टेपनी लावली, दोनच मिनिटांत पैसे घेतले आणि पुढच्या ट्रककडे वळले. मी मात्र तिथेच उभा. अर्ध्या तासापूर्वी याच टायरवर, ओल्या रस्त्यावर, मी ताशी शंभरच्या आसपास होतो. मागे आई डुलक्या घेत होती.

आता यातली खरी गोम. गाडीचं अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग मी एप्रिलमध्ये, म्हणजे तीनच महिन्यांपूर्वी करून घेतलं होतं. शहरातल्या एका चकचकीत दुकानात, वातानुकूलित काचेमागे बसून, फुकटची कॉफी पीत. रिपोर्टही दिला होता, रंगीत. तो डॅशबोर्डच्या खणात तसाच घडी घालून पडला होता. कोल्हापुरात पोचल्यावर रात्री तो काढला आणि पहिल्यांदा वाचला.

टो: हिरवा, हिरवा. कॅस्टर: हिरवा. कॅम्बर, पुढचं डावं चाक: लाल. दुरुस्तीच्या आधीही लाल, दुरुस्तीनंतरही लाल. आकडा उजव्या चाकापेक्षा दीड अंशाने वेगळा, उणे बाजूला.

म्हणजे लॉगमध्ये सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. दुकानदाराने वाचलं नाही, मी तर घडीही उलगडली नाही. रोज टीममधल्या पोरांना "आधी लॉग वाच, मग माझ्याकडे ये" म्हणून ज्ञान पाजणारा मी! असो.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो, थोडा अपराधी भावनेने आणि थोडा आमच्या धंद्यातल्या सवयीने. जे समजलं ते सांगतो, आणि मग माझं भांडण मांडतो.

अलाइनमेंटमध्ये मुख्य कोन तीन. गाडीच्या वरून खाली बघितलं तर पुढची दोन चाकं एकमेकांना समांतर आहेत, की पुढच्या टोकाला जवळ आली आहेत किंवा फाकली आहेत, हा टो. कबुतराच्या पायासारखी आत वळलेली की बदकासारखी बाहेर, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. गाडीच्या समोर उभं राहून बघितलं तर चाक उभं आहे की वरून आत-बाहेर कललेलं, हा कॅम्बर. आणि बाजूने बघितलं तर ज्या अक्षावर चाक वळतं तो अक्ष किती मागे झुकलाय, हा कॅस्टर. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो ना, तोच प्रकार. कॅस्टरमुळे वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. टायर खाण्याच्या कामी त्याचा हात फारसा नसतो, म्हणून त्याला इथेच सोडतो.

टायरचा खरा शत्रू टो. किती, याचा एक ढोबळ हिशोब करून बघितला. समजा प्रत्येक चाक फक्त पाव अंश चुकलंय. पाव अंश म्हणजे हॅचबॅकच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत मिळून अडीच मिलिमीटरचा फरक, डोळ्याला कधीच दिसणार नाही. पण गाडी सरळ चाललीय आणि चाक पाव अंश तिरकं, म्हणजे दर किलोमीटरला ते चाक जवळजवळ साडेचार मीटर आडवं फरपटतंय. दहा हजार किलोमीटरमध्ये चव्वेचाळीस किलोमीटर! पाटीवरचा खोडरबर घ्या आणि पुण्याहून निघून चाकणच्या पुढेपर्यंत डांबरावर घासत न्या, तसंच काहीसं.

आणि यातली मेख अशी, की एवढं होऊनही गाडी बाजूला ओढत नाही. पुढच्या चाकांचा टो चुकला तर स्टिअरिंग अशा जागी स्थिरावतं, की चूक दोन्ही चाकांत निम्मी-निम्मी वाटली जाते. दोघं विरुद्ध दिशांना ढकलतात, गाडी बापडी सरळ जाते, आणि दोन्ही टायर इमानेइतबारे झिजत राहतात. "गाडी ओढत नाही, म्हणजे अलाइनमेंट ठीक आहे" हा आपल्याकडचा लाडका समज इथे गळून पडतो.

माझ्या गाडीचं प्रकरण तर याहून मजेदार निघालं. डावं चाक वरून आत कललेलं, म्हणजे उणा कॅम्बर जास्त. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये फरक असला की गाडी कमी उणा कॅम्बर असलेल्या बाजूला ओढते, म्हणजे माझी उजवीकडे ओढायला हवी होती. पण आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून डाव्या कडेला उतरते असतात, त्यामुळे सगळ्याच गाड्या किंचित डावीकडे जाऊ बघतात. एकाने उजवीकडे ओढलं, दुसऱ्याने डावीकडे, आणि गाडी सुतासारखी सरळ! दोन बग एकमेकांना झाकत होते. सॉफ्टवेअरवाल्यांना हे सांगायला नको, असले बग प्रॉडक्शनमध्ये वर्षानुवर्षं सुखाने नांदतात.

मग कारण काय निघालं? ओळखीतल्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गाडी नेली. ना काच, ना कॉफी. त्यांनी आधी गाडी जॅकवर घेतली आणि चाकाला वर-खाली धरून हलवलं, मग डावी-उजवीकडे. नंतर खाली घुसून पहारीने खालच्या आर्मला टेकू देऊन बघितलं. पाच मिनिटांत निदान: डावा स्ट्रट वाकलाय आणि खालच्या आर्मचं बुश गेलंय. "कुठे आपटली होती का?" मला आठवलं. २०२३ च्या पावसाळ्यात, पाण्याखाली लपलेला खड्डा, आणि कानात बसलेला तो 'धाड' आवाज. रिम बघितली होती, ठीक होती, विषय संपवला होता.

वाकलेल्या स्ट्रटमुळे कॅम्बर बिघडला. आणि गेलेल्या बुशमुळे काय व्हायचं, तर दुकानातल्या रॅम्पवर गाडी शांत उभी असताना टो अगदी बरोबर यायचा. रस्त्यावर ब्रेक दाबला, खड्ड्यात गेली, की चाक आपल्या जागेवरून सरकायचं आणि टो बदलायचा. रॅम्पवर हिरवं, रस्त्यावर लाल. "माझ्या मशीनवर तर चालतंय" या आमच्या सनातन वाक्याचा हा लोखंडी अवतार.

इथे माझं भांडण सुरू होतं.

आपल्याकडे अलाइनमेंट हा विधी झालाय. दर पाच हजार किलोमीटरला अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि नायट्रोजन, अशी ती त्रिमूर्ती. (नायट्रोजनबद्दल एवढंच, की आपल्या साध्या हवेत तो मुळातच ७८ टक्के असतो. उरलेल्या बावीससाठी पैसे द्यायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.) पोरगा येतो, चाकांना सेन्सर लावतो, टाय रॉडचं नट सैल करून स्क्रीनवरचा टो हिरवा करतो, नट आवळतो, पुढची गाडी. हवा किती आहे हे आधी बघितलं? नाही. बॉल जॉइंट, बुश, टाय रॉड एंड हलवून बघितले? नाही. टायर कुठे झिजलाय म्हणून हात फिरवला? अजिबात नाही. ढिल्या सांध्यांच्या गाडीचं अलाइनमेंट करणं म्हणजे डगमगत्या स्टुलावर उभं राहून भिंतीवरची फ्रेम सरळ करणं.

आणि हेही लक्षात घ्या, की आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो आणि मागे टॉर्शन बीम. अशा गाडीत दुकानात सहज फिरवता येण्यासारखी गोष्ट मुळात एकच, पुढचा टो. कॅम्बरला एक तर सोयच नसते, किंवा बोल्टच्या भोकातल्या ढिलाईइतकी थोडीशी असते. मागच्या बीमला तर तीही नाही. म्हणजे कॅम्बर लाल आला तर त्याचा अर्थ 'सेटिंग चुकलंय' असा नसून 'काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय, शोधा' असा असतो. तो लाल चौकोन ही तक्रार असते, आणि आपण तिच्यावर "काम पूर्ण" असा शिक्का मारून पाचशे-सातशे रुपये देऊन येतो.

हे सगळं एका अलाइनमेंटवाल्याला बोलून दाखवलं. (ते आधीचं दुकान नाही, दुसरं.) तो शांतपणे म्हणाला, "सर, मी कस्टमरला सांगितलं की आर्म बदलावा लागेल, आधी तो बदला मग अलाइनमेंट करू, तर दहातले आठ म्हणतात की हा लुटायला बसलाय. बाजूच्या दुकानात जातात, तो हिरवा करून देतो. मग मी कशाला सांगू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एप्रिलमध्ये मला त्या दुकानदाराने सांगितलं असतं की साहेब, स्ट्रट बदला, काही हजारांचा खर्च आहे, तर मी काय केलं असतं? प्रामाणिकपणे सांगतो, बाहेर येऊन मित्राला फोन करून "बघ कसे फसवतात" म्हटलं असतं. म्हणजे दोष दुकानदाराचा आहेच, पण आपणही त्याला खोटं हिरवं द्यायची सवय लावलीय. आपल्याला निदान नकोय, प्रिंटआउट हवाय.

म्हणून माझं म्हणणं असं: पाच हजारांचा आकडा डोक्यातून काढा. आपटली, टायर एका बाजूने झिजतोय, स्टिअरिंग सरळ धरलं तरी तिरकं दिसतंय, सस्पेन्शनचं काम झालंय किंवा नवे टायर घेतलेत, तर अलाइनमेंट करा. नाहीतर वर्षाकाठी एकदा नुसतं तपासून घ्या. तपासणं आणि फिरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि स्टिअरिंग ऐंशी-नव्वदच्या पुढे थरथरत असेल तर ते काम बहुधा बॅलन्सिंगचं, अलाइनमेंटचं नव्हे, दोन्हीचं पॅकेज घेतलं म्हणून एक दुसऱ्याला बरं करत नाही.

त्यापेक्षा टायर वाचायला शिका. मशीनपेक्षा तो जास्त खरं बोलतो, कारण मशीन पाच मिनिटांचं सांगतं आणि टायर हजारो किलोमीटरचं. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग चांगला, तर हवा कमी ठेवून चालवलीत. मधलाच पट्टा झिजला, तर हवा जास्त. (हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर बघा. टायरच्या अंगावर लिहिलेला असतो तो कमालीचा दाब, तो भरायचा नसतो.) एकच कड झिजली, तर कॅम्बर किंवा टो. टायरवर तळहात आडवा फिरवा: एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने किसणीसारखा टोचला, तर टो नक्की. जागोजागी खळगे पडलेत, गाडी चालताना घूं घूं आवाज येतो, तर शॉक अब्सॉर्बर गेलेत किंवा बॅलन्सिंग बिघडलंय. एकाच जागी सपाट चट्टा, तर कधीतरी चाक लॉक होईल एवढा ब्रेक दाबलाय, तो कधी ते आठवा.

आतल्या कडेसाठी मात्र वाकावंच लागतं. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी बंद करा, हँडब्रेक लावा आणि मागून-पुढून हात घाला. खाचांच्या तळाशी मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरचं आयुष्य संपलं. नवा टायर साधारण ८ मिलिमीटरचा असतो. आणि हे सगळीकडे बघा, फक्त दिसणाऱ्या बाजूला नाही. नव्या गाड्यांत हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असते, तिच्या भरवशावर राहू नका. माझ्या त्या टायरमध्ये खिळा घुसेपर्यंत हवा अगदी बरोबर होती.

हे एवढं कशासाठी, तर पाण्यासाठी. नासाने १९६३ मध्ये विमानांच्या टायरवर काम करून एक सूत्र मांडलं होतं: रस्त्यावरचं पाणी नक्षीच्या आवाक्याबाहेर गेलं, की टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. ३० पौंड हवेला तो वेग येतो ताशी ९१ किलोमीटर. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाट भागात कारला परवानगी शंभरची आहे. टायरला नक्षी असेल तर खाचांतून पाणी बाहेर फेकलं जातं आणि आपण वाचतो. नक्षीच नसेल तर ते सूत्र आपल्याला थेट लागू. आणि चारातला एकच टायर आतून गोटा असेल, तर गाडी एका बाजूनेच तरंगणार. त्या दिवशी कराडच्या आधी सातारा रोडवर पाण्याचे दोन-तीन मोठे पट्टे ओलांडले होते, ते मला अजून आठवतात.

परत आल्यावर स्ट्रट, आर्म बदलले, मग अलाइनमेंट केलं, कॅम्बर जागेवर आला. पुढचे दोन टायर नवे घेतले. नवे टायर मागे लावा आणि मागचे पुढे आणा म्हटलं तर दुकानातला पोरगा माझ्याकडे वेड्यासारखा बघायला लागला. "सर, गाडी तर पुढच्या चाकांवर चालते!" चालते ना. पण ओल्या वळणावर पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते, आपण वेग कमी करतो आणि ती बहुधा सावरते. मागची सुटली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते, आणि तिथे तुमच्या-माझ्यासारख्याचं काही चालत नाही. चांगली पकड मागे हवी, हे टायर कंपन्या स्वतःच सांगतात. दहा मिनिटं वाद घालून शेवटी मी जिंकलो. (बायकोच्या मते मी फक्त त्याला कंटाळवलं.)

टीममधल्या एकाने हल्लीच इलेक्ट्रिक गाडी घेतलीय. तो सांगत होता की "आता मेंटेनन्सच नाही रे!" बॅटरीचं वजन आणि पहिल्या क्षणापासून मिळणारा टॉर्क, दोन्हीचा भार शेवटी टायरवरच येतो, हे त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्याने ऐकलं नाही. त्याला म्हटलं, निदान आत हात घालून बघ. पार्किंगमध्ये नेऊन वाकायला लावलं, तेव्हा कुठे पठ्ठ्याला आतल्या कडेची ती किसणी लागली. गाडीला चौदाच महिने झाले होते.

आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी पार्किंगमध्ये उकिडवा बसून चारी टायरवर हात फिरवतो. वॉचमनकाकांना पहिल्या वेळी वाटलं माझी किल्ली पडलीय, ते टॉर्च घेऊन शोधायला आले. बाबा कोल्हापूरहून आल्यापासून फोनवर जेवलास का विचारायच्या आधी टायर बघितलेस का विचारतात. आज बघितले. चारही ठीक आहेत, फक्त मागच्या उजव्यात २६ च हवा निघाली. पाऊस थांबलाय, पंपावर जाऊन भरून येतो.